उघड्यावर पडलेलं जुनं लष्करी विमान वाचवायचंय? आधी पाणी काढा, रंगाचं नंतर बघू

प्रश्न असा आलाय. दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, विमानाचं काम आधी कुणीच केलेलं नाही, पण तळमळ खरी आहे. एक जुनं दोन सीटचं लष्करी जेट ट्रेनर, म्हणजे पायलटना शिकवायचं विमान, वीसेक वर्षं उघड्यावर उभंय, टायर बसलेत, कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) पिवळी पडलीय, पंखाच्या फटीत गवत उगवलंय. जागावाला म्हणतो न्यायचं तर न्या, नाहीतर भंगारात देतो. ग्रुपने रंगाचे पैसे जमवलेत, पुढच्या महिन्यात सगळ्यांनी मिळून घासून रंगवायला घ्यायचं ठरलंय, आणि विचारलंय की सुरुवात बरोबर होतेय ना.

रंग थांबवा. बाकीचं सगळं सविस्तर सांगतो, पण तो रंग आधी थांबवा. मी पंचवीस वर्षं या कामात आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत जी विमानं गेली त्यातली जेवढी दुर्लक्षामुळे गेली तेवढीच चांगल्या मनाने केलेल्या चुकीच्या कामामुळेही गेली.

विमान मरतं ते पाण्याने, आणि तेही आतून. बाहेरचा पत्रा बघून काही कळत नाही. विमानाचा पत्रा म्हणजे नुसतं अ‍ॅल्युमिनियम नसतं, त्यात ताकदीसाठी तांबं किंवा जस्त मिसळलेलं असतं, आणि ज्यामुळे ताकद येते त्यामुळेच तो लवकर खराबही होतो. म्हणून बाहेरच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवलेला असतो, त्याला अल्क्लॅड म्हणतात, आणि तो थर शाबूत असेपर्यंत पत्रा बराच काळ टिकतो. पण आतले जाड भाग, म्हणजे स्पार (पंखाच्या आतली लांब मुख्य तुळई), फ्रेम (बॉडीच्या सांगाड्याची आतली कडी), पंख जिथे बॉडीला जोडलेत ते जोड, यांच्यावर असा थर नसतो. तिथे स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियममधून गेलेले असतात, आणि दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल म्हटल्यावर ती एक छोटी बॅटरीच झाली, ती रात्रंदिवस चालू राहते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. धातू खराब होताना त्याची जी पांढरी पूड होते तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे आतल्या आत दाब येऊन धातूचे पापुद्रे सुटायला लागतात.

आमच्या ग्रुपचं पहिलं विमान असंच होतं. आमच्या चार वर्षं आधी दुसऱ्या एका ग्रुपने ते रंगवलेलं, आणि खरं सांगतो, दहा पावलांवरून ते इतकं सुंदर दिसायचं की आम्हाला वाटलं आपल्याला फारसं कामच नाही. मी पाठीवर झोपून पोटाखाली सरकलो आणि बॅटरी मारून बघत गेलो तर पाणी निचरायची जी भोकं असतात, पेन्सिलीएवढी, त्यातलं एकही दिसेना. बोटाने चाचपल्यावर एका ठिकाणी रंगाखाली खळगा लागला. लाकडी काडीने तिथला रंग फोडला आणि काळं-तपकिरी पाणी यायला लागलं, आधी थेंब थेंब आणि मग धार. शेणासारखा वास. वीस मिनिटं ते येत होतं, बादली भरली, दुसरी लावली, त्यात कबुतराची पिसं, कुजलेली पानं, चिखल. शेवटचा पाऊस होऊन दोन महिने झाले होते तेव्हा! रंग देणाऱ्यांनी आधी सगळीकडे पुट्टी भरली होती, छान गुळगुळीत दिसावं म्हणून, आणि त्यात निचऱ्याची अठरा भोकं बुजली होती. मुख्य स्पारच्या खालच्या कडेला मी अंगठा दाबला तर ती कड भिजून फुगलेल्या पुस्तकाच्या पानांसारखी सुटून हातात आली. ते विमान नंतर आम्ही पूर्ण उभं नाही करू शकलो. कॉकपिटचा भाग वाचला, शेपूट वाचली, मधलं गेलं.

त्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले होते. पण म्हणूनच सांगतोय.

आणि हे फक्त छोट्या ग्रुपचं होतं असंही नाही. मेम्फिस बेल हे अमेरिकेचं बी-१७ बॉम्बर घ्या, दुसऱ्या महायुद्धात २५ मोहिमा पूर्ण करून परत आलेलं आणि त्यामुळे देशभर गाजलेलं. १९४६ मध्ये मेम्फिस शहराने ते फक्त ३५० डॉलरला घेतलं आणि मग ते कित्येक वर्षं उघड्यावर उभं राहिलं, लोकांनी आतली मीटर आणि सुटे भाग आठवण म्हणून काढून नेले. स्वयंसेवकांनी त्याच्यासाठी खूप धडपड केली, १९८७ मध्ये त्याला छप्परही मिळालं, पण बाजू उघड्या, म्हणजे दमट हवा आत येणार आणि पक्षीही येणार. शेवटी २००५ मध्ये ते अमेरिकेतल्याच डेटनच्या हवाई दलाच्या म्युझियमला गेलं आणि लोकांसमोर परत आलं ते १७ मे २०१८ ला. तेरा वर्षं काम! माया कमी पडली नव्हती तिथे, चार भिंती कमी पडल्या.

आता तुमच्या विमानाकडे. पण आत चढायच्या आधी जे सांगतोय ते ग्रुपमधल्या प्रत्येकाला वाचून दाखवा, कारण इथे माणूस जाऊ शकतो. जेट ट्रेनर आहे म्हणजे बहुतेक इजेक्शन सीट असणार. त्या सीटखाली आणि मागे स्फोटकांची काडतुसं असतात, पायलटला विमानाबाहेर फेकण्याएवढी ताकदवान, आणि काही विमानांत कॅनोपी उडवायची वेगळी असतात. विमान वीस वर्षं पडून आहे म्हणजे ती निकामी झाली असतील असं अजिबात धरू नका, जुनी काडतुसं उलट जास्त बेभरवशाची. लाल झेंडीवाल्या सेफ्टी पिना लावलेल्या दिसल्या तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. हवाई दलात शस्त्र विभागात काम केलेला, त्याच सीटचं ट्रेनिंग घेतलेला माणूस येऊन काडतुसं काढून घेईपर्यंत किंवा ती आधीच काढल्याचं लेखी मिळेपर्यंत कॉकपिटमध्ये कुणीही बसायचं नाही, फोटोसाठी पण नाही, मुलांना तर जवळपासही नको.

दुसरं, चाकं. विमानाच्या चाकाची रिम बऱ्याचदा दोन अर्ध्या भागांची, बोल्टने जोडलेली असते. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडले तर रिम बॉम्बसारखी फुटते, माणसं मेलीत याने. टायर बसलेला दिसला तरी आधी व्हॉल्व्हमधून हवा पूर्ण काढायची, मग पान्हा लावायचा. चाकांच्या पायात आणि हायड्रॉलिकच्या (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेच्या) अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे कुठलाही पाइप सहज सोडून बघू नका.

मग डॅशबोर्डवरची मीटर. जुन्या विमानांत काटे आणि आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमचा रंग वापरायचे. आता ते चमकत नाहीत, तपकिरी पडलेत, म्हणून लोकांना वाटतं संपलं. संपलेलं नसतं, चमकणारं द्रव्य खराब झालंय, रेडियम तसंच आहे, त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षांचं आहे. काच फुटलेलं मीटर हाताळू नका, कुठलंही मीटर उघडू नका, घरी तर अजिबात नेऊ नका, आणि रेडिएशन मोजायचं यंत्र ज्यांच्याकडे आहे अशा कुणाकडून एकदा तपासून घ्या. आतला पिवळट-हिरवा प्रायमर दिसेल, तो क्रोमेटचा, त्याची धूळ कॅन्सरला कारण ठरते, म्हणजे कोरडं घासणं बंद. ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि एक्झॉस्टच्या आसपासच्या गुंडाळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. चाकं आणि गिअरबॉक्सची कव्हरं बऱ्याचदा मॅग्नेशियमची असतात, त्याची बारीक धूळ पेट घेते आणि त्यावर पाणी मारलं की आग अजून भडकते, तेव्हा ग्राइंडर तिथे नकोच.

एवढं झाल्यावर पाणी. पहिल्या दिवशी फक्त फोटो काढा, पाचशे निघाले तरी चालतील, प्रत्येक पॅनलचा, प्रत्येक आकड्याचा, जे जसं आहे तसं. मग पोटाखालून नाकापासून शेपटीपर्यंत निचऱ्याची भोकं शोधा. काडी लाकडी किंवा प्लास्टिकची घ्या, स्क्रू ड्रायव्हर घालू नका, त्याने भोकाची कड ओरबाडली जाते आणि तिथूनच नवीन गंज सुरू होतो. आत घरटी असतील तर आधी ओली करून, मास्क आणि ग्लोव्हज घालून काढा, पक्ष्यांची विष्ठा आणि उंदरांचं मूत दोन्ही धातूला खातात आणि माणसालाही बाधतात. बॅटरी ठेवायची जागा नीट बघा, तिथे अ‍ॅसिड सांडून खालची फ्रेम गेलेली असते, हे मला जवळजवळ प्रत्येक विमानात दिसलंय. मग स्वच्छ पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि वरून खाली. प्रेशर वॉशर नको, तो पाणी सांध्यात घुसवतो.

विमान समुद्राजवळ उभं होतं का हे विचारा. मीठ धातूत मुरलेलं असतं आणि ते आत ठेवून नुसतं वाळवलं तर पुढे पापुद्रे सुटतच राहतात. डॉर्निअर १७ या जर्मन बॉम्बरचं उदाहरण देतो, १९४० मध्ये इंग्लंडजवळ समुद्रात पडलेलं, जगात त्या प्रकारचं वाचलेलं एकमेव. १० जून २०१३ ला ते वर काढलं आणि इंग्लंडमधल्या कॉसफर्डच्या म्युझियममध्ये प्लास्टिकच्या बोगद्यात ठेवून त्यावर सायट्रिक अ‍ॅसिडच्या अगदी सौम्य पाण्याचे फवारे सतत मारत ठेवले, लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने ते ठरवलं होतं. बाहेर काढल्यावर ते नुसतं वाळू दिलं असतं तर हातात फार काही राहिलं नसतं. तुमचं विमान पाण्याखालून आलेलं नाही, तुम्हाला एवढं लागणार नाही, पण खारी हवा लागलेली असेल तर गोड्या पाण्याने एकदा धुवून भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने चार-पाच वेळा धुवा.

आणि मग झाकणं. इथे सगळेच चुकतात, आम्हीही चुकलो. ताडपत्री घट्ट गुंडाळली की आत रात्री दव धरतं, दिवसा वाफ होते, बाहेर जायला वाट नाही, आणि वाऱ्याने ताडपत्री कॅनोपीवर घासून काच पांढरी होते. ताडपत्री तंबूसारखी, विमानाला न टेकता, खालून हवा खेळेल अशी लावायची. इंजिनच्या पुढच्या आणि मागच्या तोंडाला जाळी लावा, म्हणजे पक्षी जाणार नाही आणि हवा जाईल. जमवलेले रंगाचे पैसे आहेत ना, ते सगळे छपराला घाला. चारी बाजू बंद असलेली शेड मिळाली आणि आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर तुम्ही पुढची दहा वर्षं काहीही केलं नाही तरी विमान जवळपास आहे तसंच राहील, आणि हे मी कुठल्याही रिस्टोरेशनपेक्षा मोठं काम मानतो.

कॅनोपीबद्दल एकच: थिनर, पेट्रोल, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही लावायचं नाही, बारीक तड्यांचं जाळं पसरतं आणि ते परत जात नाही. साबणाचं पाणी आणि हाताचा तळवा.

आता कागद. जागावाला द्यायला तयार आहे म्हणता, पण विमान त्याचं आहे का? लष्करी विमानं बऱ्याचदा उधारीवर दिलेली असतात, मालकी हवाई दलाची किंवा सरकारचीच राहते आणि ज्याच्या अंगणात ते उभं आहे त्यालाही हे माहीत नसतं. कोसळलेल्या विमानांचे तर कायदेच वेगळे, ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याप्रमाणे लष्करी विमान पडलेल्या जागी परवान्याशिवाय खणता येत नाही, आणि अमेरिकेचं नौदल समुद्रात बुडालेल्या विमानांवरचा हक्क कधीच सोडत नाही. आम्ही एका विमानावर तीन वर्षं काम केलं, तोंडी शब्दावर, आणि मग तिथला अधिकारी बदलला आणि नव्या अधिकाऱ्याने आम्हाला गेटवरच थांबवलं. ते विमान सहा महिन्यांत तुकडे होऊन गेलं. आमच्याकडे एक ओळ लेखी नव्हती. तेव्हा मालक कोण, दिलंय की उधार, काढलेले भाग कुणाचे, आणि ग्रुप बंद पडला तर विमान कुणाकडे जाणार, हे सगळं पहिला स्क्रू काढायच्या आधी सह्यांनिशी कागदावर घ्या. शेवटचा मुद्दा लोकांना बोलायला नको वाटतो, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा.

हलवणं हा विमानाच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा दिवस असतो. पंख काढल्याशिवाय ट्रेलरवर बसत नाही, आणि बोल्ट निघत नाहीत म्हणून कुणीतरी ग्राइंडर आणतो. स्पार कापला की संपलं, ते परत जुळवलेलं मी तरी बघितलं नाही, नंतर वेल्डिंग करून उभं केलं तरी तो फक्त आकार असतो. आमच्या एका विमानाला एका बाजूला चार मुख्य बोल्ट होते. पंखाचं वजन बोल्टवर लटकत असलं की तो कधीच निघत नाही, म्हणून पंखाच्या टोकाखाली घोडा (आधाराचं स्टँड) लावून जॅकने एकेक मिलिमीटर वर घेत जायचं, बोल्ट मोकळा वाटेपर्यंत. दर शनिवारी तेल सोडायचं, थोडं उलटं, थोडं सुलटं फिरवायचं, आणि घरी जायचं. पहिले तीन बोल्ट सहा आठवड्यांत आले, चौथा अकराव्या शनिवारी. तो बाहेर आला तेव्हा दोन्ही टोकं काळी होती आणि मधला भाग फॅक्टरीतून आल्यासारखा सोनेरी चमकत होता, कॅडमियमचा मूळ मुलामा तसाच, कारण तिथे पाणी पोचलंच नव्हतं. पन्नास वर्षांचा बोल्ट! आम्ही सगळे तो हातात घेऊन नुसते बघत बसलो होतो.

उचलताना पट्टे कुठे लावायचे हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते मिळवा. फ्रेमच्या खाली आधार द्यायचा, दोन फ्रेमच्या मधल्या पत्र्याला कधीच नाही. इंजिन काढलं की तोल बदलतो आणि विमान अचानक शेपटीवर किंवा नाकावर बसतं, तेव्हा आधी घोडा लावा. काढलेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर पॅनलचा नंबर, बाजू, तारीख. "लक्षात राहील" असं म्हणणारा माणूस तीन वर्षांनी ग्रुपमध्ये नसतो.

आता तो रंग. तारेचा ब्रश, पॉलिश पेपरची डिस्क, सँडब्लास्टिंग, यांनी मी मघाशी सांगितलेला अल्क्लॅडचा थर तुम्ही एका दुपारी काढून टाकाल. स्टील वूलचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि तिथे गंजाचे ठिपके येतात. नायलॉनचा घासणारा पॅड, पाणी, सावकाश हात. आणि जुना रंग हा कचरा नाही, तो त्या विमानाची कागदपत्रं आहे. एका शेपटीवर आम्ही हाताच्या पंजाएवढी जागा ओला बारीक पेपर घेऊन गोल गोल घासत गेलो तर झाडाच्या खोडासारखे थर उघडले, राखाडीखाली चंदेरी, त्याखाली केशरी पट्टा, आणि त्याखाली एका जुन्या युनिटचं चिन्ह, जे आमच्याकडच्या कुठल्याच फोटोत नव्हतं. ते पारदर्शक प्लास्टिकवर गिरवून घेतलं, रंगाचे नमुने ठेवले, आणि मगच पुढे. दुसऱ्या एका पॅनलच्या आतल्या बाजूला मेणाच्या पेन्सिलीने कुणीतरी तारीख आणि स्वतःची आद्याक्षरं लिहिली होती, ती आम्ही पुसली नाहीत, नवीन रंग तिथपर्यंत नेलाच नाही.

किती करायचं हा प्रश्न पुढे येईलच, आणि त्यावर ग्रुपमध्ये भांडणं होतात. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हॅलिफॅक्स बॉम्बरचं बघा. एक १९७३ मध्ये नॉर्वेच्या तळ्यातून काढलेलं लंडनच्या म्युझियममध्ये जवळपास निघालं तसंच ठेवलंय, मोडकं, चिरडलेलं. दुसरं १९९५ मध्ये नॉर्वेच्याच म्योसा तळ्यातून काढून कॅनडात ट्रेंटनला पूर्ण उभं केलं, बहुतेक काम स्वयंसेवकांचं. तिसरं यॉर्कशरमध्ये आहे, त्याच्या बॉडीचा एक भाग स्कॉटलंडच्या एका बेटावर कोंबड्यांचं खुराडं म्हणून वापरात होता, आणि पंख हेस्टिंग्ज नावाच्या दुसऱ्याच विमानाचे घेतलेत. मला तिन्ही पटतात, कारण तिन्ही ठिकाणी काय मूळ आहे आणि काय नवीन आहे हे लपवलेलं नाही. तुम्हीही जो भाग नवीन बनवाल त्यावर आतून तारीख घाला.

उडवायचं का? नाही, तुमचं विमान उडवायचं नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करा आणि लोकांनाही तसंच सांगा, कारण उडवू म्हणून देणग्या घेतल्या आणि जमलं नाही तर पुढच्या ग्रुपला कुणी दार उघडत नाही. ब्रिटनचं व्हल्कन एक्सएच५५८ हे जुनं जेट बॉम्बर हजारो लोकांच्या देणग्यांवर २००७ मध्ये परत उडालं, आठ वर्षं उडालं, आणि २०१५ मध्ये थांबलं ते मुख्यतः ज्या कंपन्या त्याच्या सुरक्षिततेची तांत्रिक जबाबदारी घेत होत्या त्या बाजूला झाल्या म्हणून. एवढ्या मोठ्या संघटनेचं असं होतं. आणि घाई काय करते ते "की बर्ड" नावाच्या अमेरिकन बॉम्बरने दाखवलंय. १९४७ मध्ये ग्रीनलंडच्या गोठलेल्या तळ्यावर उतरलेलं बी-२९, जवळजवळ शाबूत. एका टीमने १९९४-९५ मध्ये तिथे जाऊन नवीन इंजिनं, प्रॉपेलर, टायर बसवले, त्यात त्यांचा मुख्य मेकॅनिक आजारी पडून वारला, आणि २१ मे १९९५ ला उड्डाणासाठी विमान बर्फावरून पुढे घेत असताना मागच्या छोट्या सहाय्यक इंजिनाच्या टाकीतलं पेट्रोल सांडून आग लागली. अठ्ठेचाळीस वर्षं बर्फाने जपलेलं विमान काही तासांत जळून गेलं. मला त्या लोकांबद्दल फार वाईट वाटतं, पण जुगाड करून लावलेली ती पेट्रोलची टाकी मी कधी विसरलो नाही.

माणसांबद्दल थोडं. तुमच्यातल्या कुणाला काम येत नाही याची चिंता नको, पण ज्यांनी या प्रकारच्या विमानावर नोकरी केली ते रिटायर्ड फिटर आणि टेक्निशियन आजच शोधा, पुढच्या वर्षी नको. आमच्याकडे एक आजोबा यायचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात काठी. आम्ही दोन महिने सगळी भोकं मोकळी करून खूश होतो आणि तरी कॉकपिटच्या मागे ओल राहतेय, कुठून ते कळेना. ते आले, बघितलंसुद्धा नाही, मागच्या सीटच्या पाठीमागची फ्लोअर प्लेट उचलायला सांगितली आणि म्हणाले, "खाली एक प्लग असतो, आम्ही पण विसरायचो म्हणून ओरडा खायचो." प्लग होता. काढल्यावर अर्धी बादली पाणी निघालं. मॅन्युअलच्या आमच्या प्रतीत ते पानच नव्हतं. अशा माणसाला खुर्ची द्या, चहा द्या आणि तो बोलत असताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, विचारून.

ग्रुप टिकवायला दर वेळी दिवसाखेर काहीतरी पूर्ण झालेलं दिसायला हवं, मग ते एक पॅनल का असेना. सगळे फक्त घासत राहिले की सहा महिन्यांत चार जण उरतात. एक वही ठेवा, कोण आलं, काय केलं, काय सापडलं. किल्ल्या दोघांकडे. आणि एखादा माणूस एकटाच सगळं ओढत असेल तर त्याला अधूनमधून सुट्टी घ्यायला लावा, तो थकून गेला की विमानही त्याच्याबरोबर जातं, हे दोनदा बघितलंय.

आणि "हे भंगार आहे, याचं काय होणार" असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लिबरेटर बॉम्बरची गोष्ट सांगा. १८ हजारांहून जास्त बनली. युद्धानंतर कानपूरला बरीच सोडून दिलेली होती, परत वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली चाळीसच्या आसपास परत उभी केली, आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली, आणि आज ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेच्या संग्रहांत जी मोजकी लिबरेटर उरलीत त्यातली कितीतरी या ढिगातून आलेली आहेत. आणि दुसरीकडे स्टर्लिंग, ब्रिटनचं चार इंजिनांचं बॉम्बर, २ हजारांहून जास्त बनलेलं, त्याचं पूर्ण असं एकही विमान जगात नाही. कुणी एक छपराखाली ठेवलं नाही.

तेव्हा येत्या शनिवारी रंगवाल्याला फोन करून पुढे ढकला, लाकडी काड्या, दोन बादल्या आणि बॅटरी घेऊन जा. कॉकपिटला हात न लावता, चाकांना ठोकळे लावून, फक्त पोटाखाली झोपा. किती भोकं सापडली, त्यातली किती बुजलेली होती आणि पाणी कुठल्या भोकातून किती आलं हे नकाशा काढून त्यावर लिहा, आणि तो नकाशा मला पाठवा, स्पारची काय अवस्था असेल याचा अंदाज त्यावरून मी सांगू शकेन.